दोन किलोमीटर

तेओतोनियुसाहेबांच्या घोड्या गाभण होत्या.
शिट्टीनं गाभडतील, म्हणाले,
आणि इंजिनियरनं नकाशावरची रेघ
बोटभर खाली सरकवली, नदीकडे.
बोटभर म्हणजे दोन किलोमीटर.

म्हणून कार्व्हालेडाचं स्टेशन कार्व्हालेडात नाही.
नाव आहे भिंतीवर, निळ्या फरशीत पांढरी अक्षरं,
प्रत्येक अक्षर पोर्तोहून पेंढ्यात गुंडाळून आलेलं.
पहिल्या गाडीला बँड होता, बिशप होता,
फक्त गाव नव्हतं.
ते अर्ध्या वाटेत, चढावर, धापा टाकत.

उतरताना सोपं, येताना जीव जायचा.
चेस्टनटची पोती गाढवावर,
आजारी माणूस बिजागरीतून काढलेल्या दारावर,
नवरी अनवाणी, बूट हातात धरून;
स्टेशनच्या नळावर पाय धुवायची, मग बूट.
त्याला आम्ही अजून नवरीचा नळ म्हणतो.
पाणी नाही त्याला.

माझी आई अदोझिंदा.
कंपनीच्या वहीत ती ‘फाटक क्रमांक नऊ’.
दिवसाला सहा गाड्या, रस्त्यावर आडवी साखळी,
काखेत गुंडाळलेला लाल झेंडा.
मी जन्मले चार-दहा आणि पाच-पन्नासच्या मधे.
सुईणीला उशीर झाला, गाडीला नाही.
पाच-पन्नासला आई साखळीशी उभी होती,
असं ती सांगायची. वडील म्हणायचे, बसली होती.
यावरून दोघं मरेपर्यंत भांडली.

आफ्रिकेतल्या लढाईला पोरं गेली ती इथूनच.
बेल्मिरु खिडकीतून ओरडला,
‘आई, शेळीला पाणी दाखवलं नाही गं!’
त्याच्या आईनं त्यानंतर
ती शेळी कुणाला विकू दिली नाही.

आणि फ्रान्सला पळणारे.
ते पुढच्याच स्टेशनाचं तिकीट काढायचे,
पोलिसांना वाटावं, आत्याकडे निघालाय.
हातात पुठ्ठ्याची पेटी, अंगात तीन सदरे.
गौदेन्सियु मास्तर तिकिटाला भोक पाडायचे
आणि वर बघायचे नाहीत.
कधी म्हणायचे, थंडी आहे आत्याकडे.
एवढंच.

पैसे येऊ लागले, तशी घरं आली.
वरच्या गल्ल्यांत जागा कुठली!
घरं स्टेशनच्या वाटेनं उतरू लागली,
एकापुढे एक, कौलं चकचकीत,
गच्चीला पॅरिसमध्ये पाहिलेले कठडे.
खाटेवरचं म्हातारं माणूस काठाकडे सरकतं
तसं गाव सरकत होतं, वर्षाला एक अंगण.

शेवटचं घर झेफेरिनुचं, पिवळं.
पायरीवरून फलाटावर ऑलिव्हची बी थुंकता येईल
इतकं जवळ.
तो राहायला आला ऑक्टोबरात.
गाडी थांबली डिसेंबरात.

म्हणजे बघा, गाव पोचलं.
नव्वद वर्षं लागली,
आणि चुकामूक दोन महिन्यांची.

बंद होतेय असं कुणी सांगितलं नाही.
सोमवारी एक बस आली, तिच्यावर गाडीचाच नंबर.
मग दोन हिवाळ्यांनी बसही नाही.
रूळ उचलून नेले ते रात्रीचे; आम्ही जागे होतो,
लोखंडाचा आवाज ऐकत होतो, दिवा लावला नाही.
याची मला अजून लाज वाटते.
साखळी मात्र आईनं आधीच काढून आणली होती.
तिला आता झेफेरिनुचा कुत्रा बांधलेला असतो.

रुळांच्या जागी सायकलींची वाट झाली आहे.
स्टेशनात कॉफी मिळते, बरी असते.
परवा हेल्मेट घातलेली एक मुलगी उतरली,
नळ फिरवून पाहिला,
मला विचारलं, ‘गाव किती लांब आहे?’

तिच्या मागे बेकरी होती, पलीकडे दवाखाना,
कुणाचं तरी धुणं वाळत होतं.

‘दोन किलोमीटर,’ मी म्हणाले.
तोंडातून गेलं.
ती चढाकडे बघून हसली,
आणि सायकल हातात धरून चालू लागली.
मी हाक मारणार होते.